पायाखालचा इतिहास आणि दोन शिक्षकांचा विभाग

२०२४च्या जुलै महिन्यात नवी दिल्लीत युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीची बैठक भरली आणि तीत आसाममधील चराईदेवच्या मोईदामांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. मोईदाम म्हणजे आहोम राजे व राजपरिवारातील मृतांच्या दफनस्थानांवर रचलेले मातीचे उंचवटे. ईशान्य भारतातील सांस्कृतिक गटातला हा पहिलाच जागतिक वारसा, त्यामुळे देशभर अभिनंदनाचा वर्षाव झाला, आणि तो योग्यही होता. त्या आनंदात एक साधा प्रश्न मात्र फारसा विचारला गेला नाही. हे उंचवटे वाचायला शिकलेली माणसे तयार कोठे होतात? माझ्या पिढीतील अनेकांपुरते उत्तर द्यायचे तर जिल्ह्याच्या गावातील लहान महाविद्यालयात, मानवशास्त्राच्या दोन शिक्षकांच्या विभागात. देशाला आपल्या प्राचीनतेचा अभिमान वाटावा यासाठी आज जेवढे बोलले जाते, त्याच्या तुलनेत या विभागांविषयी जवळजवळ काहीच बोलले जात नाही. म्हणून हा लेख.

मी पदवीचे शिक्षण वरच्या आसामातील अशाच एका महाविद्यालयात घेतले. माझ्या वर्गात आम्ही अकरा जण होतो. विभागाची मालमत्ता म्हणजे पत्र्याच्या छपराची एक खोली, कवट्यांचे प्लास्टरचे नमुने, डोक्याची मापे घेण्याचे कंपास आणि लाकडी कपाटात क्रमांक घालून ठेवलेली दगडी हत्यारे. सोमवारी सकाळी आम्ही त्या हत्यारांची तिन्ही बाजूंनी चित्रे काढत असू. गुरुवारी शेजारच्या गावात जाऊन एखाद्या कुटुंबाची पाच पिढ्यांची वंशावळ लिहून आणत असू. एका विषयात मेलेली माणसे आणि दुसऱ्यात जिवंत माणसे, अशी विभागणी आमच्या मनात कधी झालीच नाही, कारण दोन्ही शिकवणारे शिक्षक तेच होते आणि खोलीही तीच होती.

ही केवळ गरिबीतून आलेली सोय नव्हती. भारतात बहुतेक ठिकाणी पुरातत्त्व हे प्राचीन इतिहासाच्या विभागात शिकवले जाते आणि मानवशास्त्र, जेथे ते आहे तेथे, समाजशास्त्राच्या किंवा जीवशास्त्राच्या शेजारी बसते. ईशान्येत तसे घडले नाही. गुवाहाटी विद्यापीठ १९४८ मध्ये स्थापन झाले आणि त्याच्या मानवशास्त्र विभागाने प्रागैतिहासिक पुरातत्त्व प्रारंभापासून आपल्याकडे ठेवले. १९६०च्या दशकाच्या आरंभी याच विभागातील एम. सी. गोस्वामी आणि टी. सी. शर्मा यांनी आताच्या दिमा हसाओ जिल्ह्यातील दाओजली हादिंग येथे उत्खनन केले. खांदे असलेल्या दगडी कुऱ्हाडी आणि दोरीचे ठसे उमटवलेली खापरे तेथे मिळाली. ईशान्येतील नवाश्मयुगाचा पूर्व व आग्नेय आशियाशी असलेला संबंध त्यांतून ठसठशीतपणे पुढे आला. सहावीच्या पाठ्यपुस्तकातून या स्थळाचे नाव देशभरच्या मुलांनी वाचले आहे. ते मानवशास्त्राच्या विभागाने उजेडात आणले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

महाराष्ट्राच्या वाचकांना हा मिलाफ अपरिचित वाटू नये. पुण्याचे डेक्कन कॉलेज बंद पडल्यानंतर १९३९ मध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले, तेव्हा तेथे आलेल्या मोजक्या अध्यापकांत इरावती कर्वे आणि हसमुख धीरजलाल सांकलिया हे दोघे होते. एक मानवशास्त्रज्ञ, दुसरे पुरातत्त्वज्ञ. १९४०च्या दशकात गुजरातमधील लांघणज येथे मध्याश्मयुगीन स्थळाचे काम या दोघांनी मिळून केले. तेथे बारीक दगडी अवजारांबरोबर मानवी सांगाडेही मिळाले आणि ते वाचण्यासाठी दोन्ही विद्या लागणारच होत्या. रांचीत वकिली करणाऱ्या शरच्चंद्र रॉय यांनी मुंडा समाजावरील आपला ग्रंथ १९१२ मध्ये प्रसिद्ध केला आणि १९२१ मध्ये ‘मॅन इन इंडिया’ हे नियतकालिक त्याच गावातून सुरू केले. भारतात या विद्येची पाळेमुळे राजधान्यांइतकीच लहान गावांत आणि लहान संस्थांतही रुजलेली आहेत.

जिवंत माणसे मेलेल्यांविषयी काय शिकवतात, हे एका उदाहरणाने सांगते. माजुली बेटावरील सालमोरा गावात कुंभार समाजातील स्त्रिया आजही चाक न वापरता, हाताने थापून मडकी घडवतात आणि नदीतून वाहत आलेल्या लाकडांवर ती भाजली जातात. आम्हांला तेथे तीन दिवस नेण्यात आले होते. माती कशी मळतात, थापटणे कोणत्या बाजूने पडते, मडक्याचा गळा कोणत्या टप्प्यावर जोडतात, भाजताना किती मडकी फुटतात आणि फुटलेल्यांचे पुढे काय होते, याच्या नोंदी आम्ही केल्या. महाविद्यालयात परतल्यावर शिक्षकांनी कपाटातली जुनी खापरे टेबलावर पसरली आणि विचारले, ही चाकावरची की हातची? त्या दिवशी आमच्यापैकी बहुतेकांना खापराच्या आतल्या बाजूचे दाब दिसू लागले. पुस्तकातील आकृती पाहून ते दिसले नसते.

खासी आणि जयंतिया टेकड्यांत तर ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. तेथील महापाषाण उभारणाऱ्यांचे वंशज आजही तेथेच राहतात. उभा दगड पुरुष पूर्वजांसाठी आणि आडवी सपाट शिळा स्त्री पूर्वजांसाठी, असा त्यांचा संकेत आहे. दहनानंतर उरलेल्या अस्थी कुळाच्या सामाईक अस्थिगृहात ठेवण्याची परंपरा आहे. नागपूरजवळच्या जुनापाणी किंवा माहुरझरी येथील शिलावर्तुळांविषयी उत्खनन करणाऱ्यांना दगड, हाडे आणि लोखंडी वस्तू यांवरूनच अनुमान करावे लागते, कारण ती कोणी आणि का उभारली हे सांगणारे कोणी उरलेले नाही. मेघालयात विचारता येते. अर्थात आजच्या चालीरीतीवरून अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसांचे मन जसेच्या तसे वाचता येते असे कोणी समजू नये. परंतु एकाच दगडी रचनेचे किती वेगवेगळे अर्थ असू शकतात, एवढे भान आले तरी उतावळे निष्कर्ष आवरतात. आपल्या प्राचीनतेविषयीच्या सार्वजनिक वादांत आज नेमके हेच भान दुर्मीळ झाले आहे.

चराईदेवलाही हे लागू पडते. मोईदाम हे केवळ पुरातन अवशेष असते तर विटा, दगड आणि माती यांचे मोजमाप पुरे झाले असते. पण दरवर्षी ३१ जानेवारीला ताई-आहोम समाज ‘मे-दाम-मे-फी’ हा पूर्वजपूजेचा दिवस पाळतो आणि त्यांच्या पुरोहितांकडे ताई भाषेतील हस्तलिखिते आहेत. ज्याने फक्त उत्खनन शिकले त्याला उंचवट्याच्या आतले कळेल. ज्याने फक्त समाज शिकला त्याला भोवतालचे कळेल. व्यवस्थापनाचा आराखडा मात्र दोन्ही कळणाऱ्यानेच लिहावा, कारण कुंपण कोठे घालायचे आणि पूजेसाठी वाट कोठून मोकळी ठेवायची हा एकच प्रश्न आहे.

आता या शिक्षणाच्या ऱ्हासाने काय पणाला लागले आहे, ते पाहू.

पहिली गोष्ट, वारसा हरवतो तो कोणी पाहत नसताना. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय संस्कृती मंत्रालयाने संसदीय समितीला सांगितले की, देशातील ३,६९३ केंद्र-संरक्षित स्मारकांपैकी ५० स्मारके नाहीशी झाली आहेत. त्यांपैकी १४ वाढत्या शहरांनी गिळली, १२ जलाशयांखाली गेली आणि २४ सापडतच नाहीत. या २४च्या यादीत आसाममधील तिनसुकियाच्या शेरशहाच्या तोफा आहेत, तसेच अरुणाचल प्रदेशातील पाया येथील ताम्रमंदिराचे अवशेषही. ही संरक्षित स्मारकांची कथा. ज्या स्थळांची नोंदच झालेली नाही, ती गेल्याचे कोणत्या समितीला कळणार? डोंगर कापून रस्ता होतो तेव्हा यंत्राच्या दातांना अडकलेली दगडी कुऱ्हाड आणि साधा धोंडा यांतला फरक कळणारा माणूस त्या तालुक्यात असेल, तरच बातमी जिल्ह्याच्या कचेरीपर्यंत पोहोचते. तमिळनाडूतील कीळडीच्या प्राचीन वस्तूंकडे १९७०च्या दशकात प्रथम लक्ष वेधले ते स्थानिक शाळेतील एका शिक्षकाने. तेथील पद्धतशीर उत्खनन सुरू व्हायला पुढे चार दशके लागली. अशी नजर असलेली माणसे गावोगाव असणे, ही पुरातत्त्व खात्याची न लिहिलेली पहिली फळी असते.

दिमा हसाओतील दगडी रांजणांचेही तेच. डोंगरकड्यांवर पसरलेल्या या प्रचंड पोकळ शिळांची नोंद जे. पी. मिल्स आणि जे. एच. हटन यांनी १९२९ मध्ये केली. त्यानंतरची अनेक दशके त्यांच्याकडे फारसे कोणी फिरकले नाही. २०२२ मध्ये ईशान्य पर्वतीय विद्यापीठ, गुवाहाटी विद्यापीठ आणि ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील संशोधकांनी आधी नोंद नसलेली चार नवी स्थळे जगासमोर आणली. लाओसमधील अशाच रांजणांचे मैदान २०१९ मध्ये जागतिक वारसा झाले आहे. आमच्याकडच्या रांजणांत पूर्वी काय होते, याच्या आठवणी परिसरातील नागा समाजात सांगितल्या जातात. अस्थींचे अवशेष आणि मणी यांचा त्यांत उल्लेख असतो. या आठवणी सांगणारी पिढी वृद्ध झाली आहे. त्या टिपून घ्यायला परदेशी विद्यापीठाच्या पथकाची वाट पाहायची की जवळच्या महाविद्यालयातील मुलीने वही घेऊन जायचे, हा निधीइतकाच धोरणाचाही प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट, कोण कोणाचा अभ्यास करतो हा प्रश्न. आमच्या विभागातील डोके मोजायच्या कंपासांना एक काळा इतिहास आहे. हर्बर्ट रिस्ले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाकांची मापे घेऊन भारतीय जातींची उतरंड लावायचा घाट घातला होता. त्याच परंपरेच्या जर्मन शाखेत, बर्लिनमध्ये, इरावती कर्वे यांनी १९२०च्या दशकात कवट्या मोजल्या आणि आपल्या मार्गदर्शकाच्या वांशिक अपेक्षेला मोजमापांचा आधार मिळत नाही असे निर्भयपणे मांडले. आमच्या शिक्षकांनी कंपास हातात देण्याआधी आम्हांला हे दोन्ही सांगितले होते. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात नागा समाजांतील माणसांचे दोनशेहून अधिक अवशेष वसाहतकाळापासून पडून आहेत. २०२० मध्ये संग्रहालयाने मानवी अवशेष प्रदर्शनातून काढले आणि त्यानंतर ते परत आणण्याच्या प्रयत्नांत नागा समाजातून आलेल्या मानवशास्त्रज्ञांनी पुढाकार घेतला. ऑक्टोबर २०२४ मध्ये ब्रिटनमधील एका लिलावात नागा कवटी विक्रीला निघाली, तेव्हा नागालँडच्या मुख्यमंत्र्यांसह अनेकांनी आवाज उठवला आणि ती विक्री मागे घ्यावी लागली. एकेकाळी ज्यांची मापे घेतली गेली, त्यांचीच नातवंडे आज त्याच विद्येच्या भाषेत जाब विचारत आहेत. ही क्षमता टिकवायची तर ती विद्या त्यांच्या जिल्ह्यात, त्यांना परवडेल अशा शुल्कात उपलब्ध असायला हवी.

तिसरी गोष्ट थेट राज्यकारभाराची. आसाममध्ये ताई-आहोम, मोरान, मटक, चुतिया, कोच-राजबंशी आणि चहामळ्यांतील जमाती असे सहा समुदाय अनुसूचित जमातीचा दर्जा मागत आहेत. देशात अशा मागण्यांची कमी नाही आणि त्या आजही १९६५च्या लोकूर समितीच्या निकषांवर तोलल्या जातात. ‘आदिम लक्षणे’ आणि ‘संपर्काचा संकोच’ हे शब्द त्या निकषांत आहेत. भिकू इदाते यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २०१७च्या अखेरीस विमुक्त व भटक्या जमातींवरचा अहवाल दिला, तेव्हा अडीचशेहून अधिक समुदाय कोणत्याच यादीत नसल्याचे पुढे आले. जातिनिहाय जनगणनाही समोर आहे. एकाच नावाचे दोन समाज कोणते आणि दोन नावांचा एकच समाज कोणता, हे ठरवायला गावात राहून केलेले काम लागते. १९८५ मध्ये सुरू झालेल्या ‘पीपल ऑफ इंडिया’ प्रकल्पात कुमार सुरेश सिंह यांनी ४,६३५ समुदायांची नोंद केली, ती देशभरच्या स्थानिक अभ्यासकांच्या बळावर. आज तसे काम पुन्हा करायचे ठरले तर माणसे कोठून आणणार?

यातला विरोधाभास असा की, मानवशास्त्राला मागणी नाही असे म्हणता येत नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत तो लोकप्रिय वैकल्पिक विषय आहे. त्याच्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेच्या अभ्यासक्रमात अश्मयुग, सिंधू संस्कृती, नर्मदा खोऱ्यातील जीवाश्म, इतकेच नव्हे तर आजच्या कारागीर समाजांवरून प्राचीन अवशेष समजून घेण्याची पद्धतही आहे. दिल्लीच्या शिकवणी वर्गांत हजारो तरुण हे सारे पाठ करतात. सालमोराचे मडके हातात घेतलेली मुले मात्र कमी होत चालली आहेत.

बहिःस्थ परीक्षक म्हणून मी गेली अनेक वर्षे लहान महाविद्यालयांत जात आले आहे. दृश्य सगळीकडे सारखेच असते. एक शिक्षक निवृत्त झालेला, त्याची जागा रिकामी. दुसरा तासिका तत्त्वावर, पुढच्या सत्रात असेल की नाही याची खात्री नसलेला. क्षेत्रभेटीचा खर्च विद्यार्थी स्वतः करतात, म्हणून ती एका दिवसावर आलेली असते. एका ठिकाणी दगडी हत्यारांचे कपाट क्रीडा साहित्याच्या खोलीत हलवले होते आणि हत्यारांवरचे क्रमांक पुसले गेले होते. क्रमांक गेला की ते हत्यार कोणत्या नदीकाठी, कोणत्या थरात मिळाले ही माहिती जाते आणि हातात उरतो तो दगड.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये पुरातत्त्व आणि पुरावस्तूंच्या जतनाचे दर्जेदार अभ्यासक्रम निर्माण करण्याचे आश्वासन आहे. चार वर्षांच्या पदवीत संशोधनाला जागाही आहे. परंतु त्याच धोरणाची दिशा तीन हजार किंवा त्याहून अधिक विद्यार्थ्यांच्या मोठ्या बहुविद्याशाखीय संस्थांकडे आहे. लहान संस्था महाग पडतात, त्यांत प्रयोगशाळा आणि ग्रंथालये नीट चालत नाहीत, हा युक्तिवाद निराधार नाही. रसायनशास्त्राला तो बहुधा लागूही पडेल. पण ज्या विषयाची प्रयोगशाळा म्हणजे सभोवतालचा डोंगर, नदीकाठ आणि गाव आहे, तो विषय दोनशे किलोमीटरवरच्या संकुलात हलवला तर प्रयोगशाळा मागे राहते. शिवाय अकरा जणांना घेऊन उत्खननाच्या चरात उतरता येते, कोणाच्या तरी अंगणात बसता येते. शंभर जणांचा वर्ग अंगणात मावत नाही.

‘या पदवीने नोकरी कोणती मिळणार?’ हा पालकांचा प्रश्नही टाळू नये. आज अनेक राज्यांच्या पुरातत्त्व खात्यांत आणि संग्रहालयांत पदे रिकामी असतात आणि जाहिरात निघाली तर तीत मानवशास्त्राची पदवी ग्राह्य आहे की नाही याविषयी संदिग्धता असते. शासनाने एका बाजूने अभ्यासक्रम मान्य करायचा आणि दुसऱ्या बाजूने त्याच पदवीला दार बंद ठेवायचे, हे न्यायाचे नाही.

उपाय खर्चिक नाहीत. जेथे पदवीला मानवशास्त्र आहे तेथे किमान दोन कायम शिक्षक असावेत आणि त्यांपैकी एक प्रागैतिहासिक पुरातत्त्वात प्रशिक्षित असावा. क्षेत्रकार्याचा खर्च प्रयोगशाळेच्या खर्चाप्रमाणे महाविद्यालयाच्या अनुदानात स्वतंत्र शीर्षाखाली दाखवावा. तो विद्यार्थ्यांच्या खिशावर सोडू नये. चौथ्या वर्षाच्या संशोधन प्रकल्पांतून जिल्ह्यातील स्थळांची, हस्तकौशल्यांची आणि मौखिक स्मृतींची नोंदवही तयार व्हावी, ती स्थानिक भाषेत असावी आणि तिची प्रत ग्रामसभेकडे व जिल्हा कचेरीत राहावी. रस्ता किंवा धरण आखताना ही नोंदवही पाहणे बंधनकारक करावे. विद्यापीठांच्या आणि सर्वेक्षण विभागाच्या उत्खननांत जवळच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांसाठी जागा राखून ठेवाव्यात, आणि राज्यांच्या सेवाभरती नियमांत या पदवीचा स्पष्ट उल्लेख करावा. एखाद्या समाजाच्या स्मशानाविषयी किंवा पूजास्थानाविषयी माहिती प्रसिद्ध करण्यापूर्वी त्या समाजाची संमती घ्यावी, हा नियमही पहिल्याच वर्षी शिकवला जावा.

यातून प्रत्येक जिल्ह्यात मोठे संशोधक निर्माण होतील असा माझा दावा नाही. माझ्या वर्गातील अकरांपैकी दोघेच पुढे या विद्येत राहिले. उरलेल्यांत शाळाशिक्षक झाले, एक वनखात्यात गेला, एक ग्रामपंचायतीत निवडून आली, एकाने चहाच्या कारखान्यात हिशेब लिहिले. वनखात्यातल्या त्या वर्गमित्राने रोपवनासाठी खड्डे खणताना मजुरांना मिळालेली खापरे पाहून काम दोन दिवस थांबवले होते आणि विद्यापीठाला कळवले होते. त्याच्या नावावर एकही शोधनिबंध नाही. जमिनीखाली असलेल्या इतिहासाचे संरक्षण करण्यासाठी कायदा, खाते आणि पहारेकरी हवेतच. पण खड्ड्यातून वर आलेले खापर पाहून कुदळ थांबवणारा माणूस त्याआधी लागतो, आणि त्याला घडवणारा विभाग एकदा बंद झाला की पुन्हा उघडायला एक पिढी जाते.